जखमेला शिबिर पुरत नाही

कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने एक तात्पुरता तळ उभारला होता. युद्ध संपले आणि दोन हजारांवर बराकी ओस पडल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ह्याच बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ह्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे नगरपालिका आली, १९९६ साली महानगरपालिका आली. बराकींच्या जागी इमारती, कारखाने आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या. परंतु तेथील माणसाला पत्ता विचारला तर तो आजही ‘कॅम्प एक’, ‘कॅम्प तीन’ असेच सांगतो. चार दिवसांच्या सोयीसाठी पडलेला शब्द तीन पिढ्यांच्या आयुष्याला चिकटून राहिला आहे.

‘कॅम्प’ ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आता ह्या गावाच्या, किंबहुना महाराष्ट्रातील सर्वच गावांच्या परिचयाचा झाला आहे. कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, निवडणूक जवळ आलेली असते, मैदानात मांडव पडतो. बोटाला सुई टोचून साखर मोजली जाते, रक्तदाब पाहिला जातो, गोळ्यांची पाकिटे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी मांडव उतरतो. ह्या आरोग्य शिबिरांचा काहीच उपयोग नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हते, त्याला तेथे ते कळते. पण असे काही आजार आहेत की ज्यांच्यापुढे शिबिर ही कल्पनाच हतबल ठरते. त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित असा एक आजार आम्ही आज वाचकांपुढे मांडू इच्छितो. तो आजार म्हणजे भरून न येणारी जखम.

शरीराला जखम झाली की ती भरून काढण्याचे काम शरीर स्वतःच सुरू करते. रक्त गोठते, सूज येते, मृत भाग दूर केला जातो, नवे मांस येते, वरून कातडी धरते. निरोगी माणसाच्या साध्या जखमेचा हा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. परंतु चार-सहा आठवडे लोटले तरी जी जखम जागच्या जागीच राहते, तिच्यामागे काही कारण दडलेले असते आणि ते कारण दूर केल्याखेरीज वरून कितीही मलम चोपडले तरी ती भरत नाही. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तासन्‌तास उभे राहण्याच्या कामाने पायांच्या शिरा फुगून घोट्याजवळची कातडी काळवंडली व फुटली असेल, कुष्ठरोग बरा होऊनही तळव्याची संवेदना कायमची गेली असेल, अथवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या पाठीला दाबाने शय्याव्रण झाले असतील. नावे निराळी असली तरी अनुभव एकच आहे. घरात एक माणूस आहे, त्याच्या पायाला पट्टी आहे, आणि ती पट्टी महिनोन्‌महिने सुटत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. मधुमेह हा सुखवस्तूंचा आजार आहे हा समज आपण आता सोडून दिला पाहिजे. सुखवस्तू माणसाचा मधुमेह आणि मजुराचा मधुमेह यांत फरक आहे तो एवढाच की, पहिल्याच्या पायात मऊ बूट असतो आणि दुसऱ्याच्या पायात झिजलेली स्लीपर. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांतील बहुसंख्य पायांची कहाणी एका क्षुल्लक जखमेपासून सुरू झालेली असते. चपलेचा खिळा, फुटलेले कुरूप, गरम पाण्याच्या शेकाने आलेला फोड, एवढेच निमित्त पुरते.

अशी जखम का भरत नाही ह्याचा उलगडा होण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याला ठाऊक असावयास हवा. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात, तळव्यांना व्रण पडतात, ते त्या रोगाने मांस सडत असल्यामुळे, अशी तोवर समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रोजचे वागणे बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना निराळेच दिसले. ह्या माणसांचे मांस इतरांसारखेच होते व ते इतरांसारखेच भरून येत होते. त्यांच्यापाशी नव्हती ती वेदना. खडा टोचला तर आपण पाय उचलतो, टाच दुखली तर लंगडतो, आणि त्या लंगडण्यातच जखमेला विश्रांती मिळते. ज्याला दुखतच नाही तो त्याच जखमेवर दिवसाला हजारो पावले टाकत राहतो. तेव्हा औषधाइतकाच, किंबहुना औषधाहूनही मोठा उपाय म्हणजे त्या जागेवरचा भार काढून घेणे. सर्व तळव्याला बिलगून बसणारे आणि भार वाटून देणारे प्लास्टर, तसेच मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला ह्या साधनांचा विकास आपल्याकडील कुष्ठसेवेतून झाला. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथून हीच विद्या जगभरच्या मधुमेही रुग्णांच्या उपयोगी पडू लागली. समाजाने ज्यांना गावाबाहेर हाकलले त्यांच्या पायांनी साऱ्या जगाला पाय वाचविण्याचे शास्त्र शिकविले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्राला तर ह्या सेवेची परंपराच आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे यांनी जखमा धुण्याचे काम हे पुण्यकर्म म्हणून न करता माणसाला माणूसपण परत देण्याचे काम म्हणून केले. उल्हासनगरपासून हाकेच्या अंतरावर, कल्याणच्या पत्री पुलाजवळ, हनुमाननगर ही कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची वसाहत आहे. १९७१ च्या युद्धकाळात नौदलात सेवा केलेले डोंबिवलीचे गजानन माने यांनी ह्या वसाहतीसाठी अनेक वर्षे काम केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ह्या परिसरात जखमेचे ज्ञान नाही असे नाही. ते ज्ञान एका वसाहतीच्या कुंपणात राहिले आणि कुंपणाबाहेरच्या मधुमेही मजुरापर्यंत पोहोचले नाही, हे आपले दुर्दैव आहे.

आता ‘विशेष उपचार’ म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ह्या शब्दाभोवती एक मोठा बाजार उभा राहिला आहे. जखमेवर पोकळीचा दाब देणारी यंत्रे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. शुद्ध प्राणवायूच्या बंद कोठड्या आहेत, प्रथिनांची जेली आहेत, चांदी मिसळलेल्या पट्ट्या आहेत. योग्य रुग्णाच्या बाबतीत योग्य वेळी ह्यांतील काही साधने खरोखर उपकारक ठरतात व आम्ही त्यांची थट्टा करणार नाही. पण यंत्र हा विशेष उपचाराचा शेवटचा अध्याय आहे, पहिला नव्हे. पहिला अध्याय अगदी साधा आहे. रक्तपुरवठा आहे की नाही हे पायाची नाडी पाहून व रक्तदाबाची तुलना करून ठरवावयाचे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासावयाची. मेलेले मांस व कडेचे घट्टे कुशल हाताने काढावयाचे. जंतुसंसर्ग असेल तरच आणि असेल तेवढेच प्रतिजैविक द्यावयाचे. जखम ओलसर राखणारी पट्टी बांधावयाची. साखर आटोक्यात आणावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायावरचा भार उतरवावयाचा. जखम फुगलेल्या शिरांमुळे झालेली असेल, तर रोहिण्यांतील रक्तप्रवाह ठीक असल्याची खात्री करून घेऊन घट्ट दाबपट्टी बांधणे हाच मुख्य उपचार असतो.

दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून नोंद करावी लागते. मधुमेही पावलाची जखम चार आठवड्यांत सुमारे निम्मी झाली नाही तर तीच पट्टी पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो, काहीतरी चुकते आहे असे समजून उपचार बदलावा लागतो. एवढे एक मोजमाप नेमाने झाले तरी कितीतरी पाय वाचतील. ‘जखम कोरडी पडू द्या’ हा आपल्या घरोघरचा सल्ला चुकीचा आहे, ओलसर जखम लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच प्रयोगाने दाखविले. तरीही हळद, चुना, तंबाखू, बिडीची राख यांचे लेप अजून चालूच आहेत. त्याचा दोष रुग्णाच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. परंतु ज्याला कोणी कधी समजावून सांगितलेच नाही त्याचे अज्ञान हे त्याचे एकट्याचे नसते.

स्वस्त साधनांनी चांगले काम होत नाही हाही एक भ्रम आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर बसवून पट्ट्या तयार केल्या आणि त्यांचा अहवाल १९८५ साली ‘बर्न्स’ ह्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांच्या पट्ट्यांचा अभ्यास केला. ह्या पट्ट्या प्रत्येक जखमेला चालतील असे नव्हे, आणि घरच्या घरी साली बांधाव्यात असा तर ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. त्यांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे. सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णाचा खिसा डोळ्यांसमोर ठेवून विचार केला, तर संशोधनाची दिशाच बदलते. पायाची किंमत बाजाराने ठरवावी की समाजाने, हा खरा प्रश्न आहे.

आता कॅम्प १ मधील एका माणसाची कल्पना करून पाहावी. शहाडच्या बाजूला एखाद्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे हमाली करतो, अथवा लाकूडकामाच्या दुकानात उभ्याने रंधा मारतो. अंगठ्याखाली जखम झाली आहे, दुखत नाही म्हणून दोन महिने त्याने तिकडे पाहिले नाही. आता मोज्याला डाग पडतो, खोलीत वास येतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे पट्टी बदलून घेतो, पैसे संपले की थांबतो. शेवटी कोणीतरी त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगते. आठवड्यातून दोनदा शहाड स्थानकाचा पूल चढावयाचा, भरलेल्या गाडीत दाराशी उभे राहावयाचे, शीवला पुन्हा पूल चढावयाचा-उतरावयाचा, केसपेपरच्या रांगेत उभे राहावयाचे, तेथून ड्रेसिंगच्या रांगेत. डॉक्टर जखम पाहतात आणि अगदी योग्य तेच सांगतात: ‘ह्या पायावर भार देऊ नका.’

ह्या वाक्यातील क्रौर्य डॉक्टरांचे नाही. ते व्यवस्थेचे आहे. जो उपचार ‘चालू नका’ असे सांगतो, तो मिळविण्यासाठीच त्या माणसाला हजारो पावले चालावे लागते. सकाळी बांधलेली पट्टी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या चालण्याने निष्फळ झालेली असते. दुसऱ्या आजारांत दवाखाना लांब असणे ही गैरसोय असते. ह्या आजारात ते अंतर हाच रोगाचा एक भाग होऊन बसते. म्हणूनच न भरणाऱ्या जखमेचे विशेष उपचार जिल्ह्याच्या वा महानगराच्या एखाद्या भव्य इमारतीत केंद्रित करून भागणार नाही. अवघड शस्त्रक्रिया तेथे व्हाव्यात, रक्तवाहिन्यांची दुरुस्ती तेथे व्हावी. पण बारा-बारा आठवड्यांची मलमपट्टी, मोजमाप आणि भार उतरविण्याची व्यवस्था माणसाच्या वस्तीतच असली पाहिजे. ही मागणी सोयीची नाही, ती वैद्यकशास्त्राचीच आहे.

अंतराइतकाच दुसरा प्रश्न मजुरीचा आहे. पायाला विश्रांती द्या म्हणजे कामावर जाऊ नका. पण कामावर न गेलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार? संघटित कामगारापाशी ह्याचे उत्तर काही प्रमाणात आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांसाठी, पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो आणि त्या यादीत कुष्ठरोगाबरोबर मधुमेही पावलाचाही समावेश आहे. म्हणजे ही जखम भरून यावयास काळ लागतो, त्या काळात पगार मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. दुर्दैव असे की कित्येक विमाधारक कामगारांना आणि त्यांच्या संघटनांनाही ही तरतूद ठाऊक नसते. आणि जो ठेकेदाराच्या वहीतही नाही, जी बाई घरी बसून जीनच्या कपड्यांचे धागे कापते, जो रिक्षा चालवितो, त्यांच्यासाठी तर हे तत्त्व अस्तित्वातच नाही. आजारपणाची हमी फक्त हजेरीपटावरच्यांना, आणि झिजणारे पाय मात्र हजेरीपटाबाहेरच्यांचे, असा हा विषम व्यवहार आहे.

सरकारी योजनांची रचनाही पाहण्यासारखी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की केंद्राची आयुष्मान भारत योजना असो, त्यांचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. बाह्यरुग्ण म्हणून महिनोन्‌महिने करावयाची मलमपट्टी, प्लास्टर, खास चपला ह्यांचा भार रुग्णानेच उचलावयाचा असतो. म्हणजे जखम लहान असेतो सरकारची तिजोरी बंद, आणि ती वाढून माणूस खाटेवर आला की तिजोरी उघडणार. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले, ह्या निर्णयाचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु शुल्क माफ झाल्याने जे उपलब्ध नाही ते उपलब्ध होत नाही. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात संवेदना गेलेल्या पायांसाठी मऊ रबराच्या चपला मोफत दिल्या जातात. तीच संवेदनहीनता, तोच तळवा, तीच जखम, फक्त कारण कुष्ठरोगाऐवजी मधुमेह. मग मधुमेहाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातूनही त्या चपला हक्काने का मिळू नयेत?

इथे आम्हांला आत्मपरीक्षणही केले पाहिजे. कामगार चळवळीने तुटलेल्या अवयवाची भरपाई मिळवून देण्यासाठी मोठे लढे दिले आणि ते योग्यच होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या कोष्टकात कामावरील अपघाताने पायाचा अंगठा मुळापासून गेला तर कमाईची शक्ती १४ टक्क्यांनी कमी झाली, असे धरलेले होते. टक्केवारीचे हे गणित आपल्या संघटनांच्या कार्यालयांत तोंडपाठ असे. पण तो अंगठा वाचविण्यासाठी काय लागते ह्याचा विचार आपल्या ठरावांत क्वचितच आला. त्याचप्रमाणे कृत्रिम पायांच्या वाटपाचे समारंभ आपणही केले आहेत. जयपूरचे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केलेल्या जयपूर फूटने लाखो माणसांना उभे केले, त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि जो समाज कृत्रिम पाय वाटताना टाळ्या वाजवितो आणि खरा पाय वाचविणाऱ्या ड्रेसरची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवतो, त्याच्या दयाबुद्धीत कोठेतरी गफलत आहे.

ह्यावर ठराविक आक्षेप घेतले जातील. पहिला म्हणजे पैसा कोठून आणावयाचा? उत्तर असे की, सुरुवातीच्या जखमेला लागणारी साधने आरोग्याच्या खर्चात सर्वांत स्वस्त आहेत. नायलॉनचा तंतू, मोजपट्टी, गॉझ, प्लास्टर, दाबपट्टी आणि रबरी चपला यांना परदेशी चलन लागत नाही. कमावत्या माणसाचा पाय गेल्यावर त्या कुटुंबावर आणि रुग्णालयावर पडणाऱ्या भाराशी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप, इतके तज्ज्ञ कोठून आणावयाचे? प्रत्येक प्रभागाला शल्यचिकित्सक मिळणार नाही हे खरे. पण पायाची तपासणी, घट्टे काढणे, पट्टी बांधणे, मोजमाप ठेवणे आणि धोक्याची चिन्हे ओळखून वेळीच पुढे पाठविणे ही कामे प्रशिक्षित परिचारिका व तंत्रज्ञ उत्तम रीतीने करू शकतात. कुष्ठसेवेतील निमवैद्यकीय कार्यकर्त्यांनी हे अनेक दशके करून दाखविले आहे. तिसरा आक्षेप असा की, रुग्णच बेफिकीर असतात, मध्येच उपचार सोडतात. सोडतात हे खरे. परंतु बारा आठवड्यांची मजुरी बुडवून उपचार पुरा करण्याची परिस्थिती ह्या टीकाकारांपैकी कितीजणांवर आली आहे?

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालय हे उल्हासनगरबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि मुरबाडच्या बाजूच्या गोरगरिबांचाही आधार आहे. तेथे शल्यचिकित्सक, मधुमेहाचे वैद्य, परिचारिका आणि पादत्राणे व प्लास्टर जाणणारा तंत्रज्ञ यांचा मिळून एक कायमस्वरूपी जखम-उपचार कक्ष असावा व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई-ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयांशी त्याची निश्चित सांगड असावी. कॅम्प १ पासून कॅम्प ५ पर्यंत महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्याचे ठरलेले दिवस प्रशिक्षित परिचारिकेकडून पायांची तपासणी व मलमपट्टी व्हावी आणि सकाळच्या पाळीच्या कामगारासाठी ती संध्याकाळीही चालू असावी. ज्याला चालावयाचे नाही त्याच्या घरी जाऊन पट्टी बदलण्याची सोय व्हावी. मऊ रबराच्या चपला मधुमेह कार्यक्रमातून विनामूल्य मिळाव्यात. जन आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण मलमपट्टीचा समावेश व्हावा. आणि असंघटित मजुराला अशा दीर्घ आजारात निर्वाह-भत्ता मिळावा. हमाल-माथाडींसाठी १९६९ साली ह्याच राज्याने कायदा करून हे दाखवून दिले आहे की, ज्याचा मालक रोज बदलतो त्यालाही मंडळाच्या मार्गाने कामगार म्हणून हक्क देता येतात. इच्छा असेल तर ती वाट इतरांसाठीही मोकळी आहे.

मागण्यांचे निवेदन देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशी घरे शोधावीत की जेथे महिनाभरापेक्षा जास्त काळ पट्टी बांधलेली आहे. त्यांची नावे चव्हाट्यावर न आणता यादी करावी, कारण वासाची आणि कुष्ठरोगाच्या संशयाची लाज ह्या रुग्णांना घरात कोंडून ठेवते. अशा घरात जाऊन बसणे, चहा घेणे, हीच पहिली सेवा आहे. विमाधारक असेल त्याला वाढीव आजारपणाच्या लाभाचा अर्ज भरून द्यावा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला चार गोष्टी सांगाव्यात: अनवाणी चालू नका, देवळाच्या तापलेल्या फरशीवरही नाही. चपलेत हात घालून मगच पाय घाला. कुरूप ब्लेडने कापू नका आणि बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. रोज रात्री तळवा पाहा, दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवाला पाहावयास सांगा. आणि जखम काळी पडली, पाय लाल होऊन तापला, ताप भरला, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण अशा वेळी तासांचाही हिशेब असतो.

उल्हासनगरच्या पहिल्या पिढीला एका रात्रीत सारे सोडून यावे लागले. बराकींत राहून, रेल्वेत खेळणी-गोळ्या विकून, मिळेल त्या यंत्रावर बसून तिने हे गाव पायावर उभे केले. पुढे मराठी, उत्तर भारतीय, दक्षिणी मजूर आले आणि त्यांचेही घाम-रक्त ह्या गावाच्या पायात गेले. ज्या पायांनी हे गाव उभे राहिले ते पाय एकेक करून कापले जात असतील, तर तो केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. लष्कराचा तळ निर्वासितांचे कायमचे घर होऊ शकला, तो लोकांनी तेथून न हलण्याचे ठरविले म्हणून. आरोग्याचे शिबिरही कायमचा दवाखाना होऊ शकते. संध्याकाळी मांडव उतरविण्याची वेळ होईल तेव्हा आपण सर्वांनी तेथेच थांबून विचारले पाहिजे, ‘ह्या पायाची पट्टी उद्या कोण बदलणार?’